टाचणीकडून घोळीकडे

प्राणिशास्त्र शिकवण्यात माझी नोकरीची सगळी वर्षं गेली. त्या काळात एका गोष्टीवर माझं मत पक्कं होतं. फुलपाखराचं नाव खात्रीनं सांगायचं, तर ते हातात हवं. म्हणजेच मेलेलं हवं. जाळी, टाचणी, पंख पसरायची पाटी आणि डांबरगोळ्या घातलेली कीटकपेटी यांच्याशिवाय या विषयाची सुरुवातच होत नाही, असं मी मानत होतो. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०११ मध्ये महाविद्यालयांतलं विच्छेदन आणि प्राण्यांचे नमुने गोळा करणं थांबवण्याच्या दिशेनं सूचना दिल्या आणि २०१४ मध्ये त्या आणखी कडक केल्या, तेव्हा मी त्यांच्या विरोधात तावातावानं बोललो. मुलं आता चित्रं पाहून शास्त्र शिकणार, असं मला वाटलं होतं.

आज मी तसं म्हणत नाही. माझं मत कशामुळे बदललं, किती बदललं आणि कुठे मुळीच बदललं नाही, हे नीट मांडावं म्हणून हे मनोगत.

आधी जुन्या मताची बाजू सांगतो, कारण त्या मताला आधार होता. औरंगाबादच्या विद्यापीठ परिसरातल्या गवतावर पावसाळ्यानंतर पिवळ्या रंगाची छोटी फुलपाखरं जमिनीलगत सतत उडत असतात. आपण सगळ्यांना सरसकट ‘ग्रास यलो’ म्हणून मोकळे होतो. पण त्यांत एकाहून अधिक जाती आहेत आणि उडताना त्या कुणालाही वेगळ्या करता येत नाहीत. नमुना भिंगाखाली धरला, पुढच्या पंखाची खालची बाजू पाहिली आणि मुळाकडच्या बंद कप्प्यातले बारीक तपकिरी ठिपके मोजले, की उलगडा होऊ लागतो. एक ठिपका, दोन ठिपके, तीन ठिपके. त्यावरून जात ठरते. हे मोजताना विद्यार्थ्याच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसायचा, तो मी विसरलेलो नाही. बघणं आणि निरखणं यांतला फरक त्याला त्या क्षणी कळायचा.

नमुना तयार करण्यातही शिस्त होती. छातीच्या बरोबर मधून टाचणी सरळ गेली पाहिजे. पुढच्या पंखाची मागची कड शरीराशी काटकोनात आली पाहिजे. पंखांवर कागदाच्या पट्ट्या दाबून नमुना वाळू द्यायचा. बोट लागलं की खवल्यांची पूड निघते आणि नक्षी पुसली जाते. शेवटी टाचणीखाली चिठ्ठी: गाव, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव. ही चिठ्ठी नसेल तर उत्तमात उत्तम नमुनाही शास्त्राच्या दृष्टीनं कवडीमोलाचा. मी हे वर्षानुवर्षं शिकवलं आणि त्यातला शब्दन् शब्द आजही खरा आहे.

मग एका पावसाळ्यात एक विद्यार्थिनी वहीच्या कागदाच्या त्रिकोणी पुडीत एक फुलपाखरू घेऊन आली. जालना रोडवर उभ्या असलेल्या एका गाडीच्या पुढच्या जाळीत ते अडकून मेलं होतं. पंख नारिंगी, पुढच्या पंखांची टोकं काळी, त्यावर पांढरा पट्टा. ‘सर, प्लेन टायगरच आहे ना?’ तिनं विचारलं खरं, पण तिच्या आवाजात शंका होती. प्लेन टायगर, मराठीत बिबळ्या कडवा, हे आपल्याकडचं अगदी नित्याचं फुलपाखरू. माझ्याही तोंडावर तेच उत्तर आलं होतं. पण तिची शंका बिनबुडाची नव्हती.

आम्ही नमुना भिंगाखाली घेतला. प्लेन टायगरच्या मागच्या पंखाच्या मध्यभागी काळे ठिपके असतात. मादीत तीन आणि नरात गंधग्रंथीचा डाग धरून चार. इथे तो मधला भाग कोरा होता. पंखाच्या वरच्या कडेजवळ एकच काळा ठिपका होता. पंखांची कड सरळ नव्हती, कातरलेल्या झालरीसारखी नागमोडी होती. हा प्लेन टायगर नव्हता. ही डॅनाइड एगफ्लायची मादी होती. मराठीत आता तिला छोटा चांदवा म्हणतात.

या मादीची कथा कीटकशास्त्राच्या पुस्तकातून मी कितीदा तरी शिकवली होती. प्लेन टायगरची अळी रुईच्या पानांवर वाढते. शनिवारी आपण मारुतीला जिच्या पानांची माळ घालतो, तीच ही रुई. तिच्या चिकातलं विष अळीच्या अंगात साठतं आणि फुलपाखरातही उतरतं. एकदा चव घेतलेला पक्षी पुन्हा त्या नारिंगी रंगाच्या वाटेला जात नाही. एगफ्लायच्या मादीच्या अंगात असं विष नसतं. तिनं फक्त रूप उचललंय आणि त्या रूपाच्या आडोशानं ती जगते. तिचा नर मात्र पूर्ण वेगळा दिसतो: मखमली काळा, पंखांवर मोठे पांढरे डाग आणि त्या डागांभोवती जांभळी झाक. नर आणि मादी शेजारी ठेवले, तर या दोघांचं काही नातं असेल असं कुणाच्या स्वप्नातही येणार नाही.

नमुना ओळखला गेला, माझी पद्धत जिंकली, असं तेव्हा म्हणता आलं असतं. पण त्याच पुडीनं मला दोन प्रश्नांपुढे उभं केलं आणि त्यांची उत्तरं टाचणीजवळ नव्हती.

पहिला प्रश्न कायद्याचा. वन्यजीव (संरक्षण) कायदा १९७२ चा. त्याच्या अनुसूचीत डॅनाइड एगफ्लायचं नाव आहे. कित्येक वर्षं ते पहिल्या अनुसूचीत होतं, म्हणजे वाघ ज्या यादीत आहे त्या यादीत. परवानगीशिवाय त्याला मारणं हा गुन्हा आहे. ही मादी तर गाडीच्या धडकेनं मेली होती. पण समजा, जाळी घेऊन फिरणाऱ्या एखाद्या मुलानं ती धरली असती. त्याला वाटलं असतं, साधा प्लेन टायगर. अंगठा आणि तर्जनीत छाती दाबून त्यानं तिला पुडीत घातलं असतं आणि आपण काय मारलं, हे त्याला प्रयोगशाळेत आल्यावर कळलं असतं. ‘आधी मारा, मग ओळखा’ हा क्रमच असा आहे की नेमकी जी वाचवायला हवी तिचीच ओळख उशिरा होते. अनोळखी म्हणून जे पकडायचं, त्याच्याबद्दल कायदा काय म्हणतो हे आधी कसं कळणार? या प्रश्नाला माझ्या जुन्या मतात उत्तर नव्हतं.

दुसरा प्रश्न त्याहून खोल होता. ही मादी ज्याची नक्कल करते आणि ज्या नराची ती जोडीदार आहे, ते दोघंही त्या पुडीत नव्हते. नमुना मला नाव देत होता; पण हे रूप तिनं का घेतलं, ती कुठे वाढते, तिचा नर तोच कशावरून, यातलं काहीही सांगत नव्हता. मी हे सगळं पुस्तकाच्या भरवशावर शिकवत आलो होतो. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं त्यात फार थोडं होतं.

एगफ्लायची अळी घोळीवर वाढते, हे मला वाचून माहीत होतं. घोळ म्हणजे आपली नेहमीची रानभाजी: लालसर देठ, जाड गुळगुळीत पानं, उन्हात उमलणारी पिवळी फुलं. पावसाळ्यात आमच्या अंगणात, कुंपणाच्या कडेला, फरशीच्या फटीतसुद्धा ती उगवते. त्या वर्षी मी ती उपटू दिली नाही आणि थोडी रोपं एका पसरट कुंडीत लावली. रविवारच्या बाजारात घोळ विकणाऱ्या मावशींना सहज विचारलं, ‘मावशी, हिच्यावर कधी काळ्या, काटेरी अळ्या दिसतात का?’ त्या लगेच म्हणाल्या, ‘दिसतात की. पाऊस लागला की येतात. तसली जुडी आम्ही बाजूलाच ठेवतो, गिऱ्हाईक घेत नाही.’ ज्या अळीचं चित्र मी इतकी वर्षं फळ्यावर काढत होतो, ती त्यांना दर पावसाळ्यात भेटत होती.

मादी आली. घोळीच्या रोपांवर ती उतरायची, पायांनी पान चाचपायची, पोट वाकवून अंडं ठेवायची आणि लगेच उडायची. प्लेन टायगरचं उडणं संथ, निवांत. त्याला घाई नसते. ही मात्र मधूनच वेग घ्यायची, झटका देऊन वळायची. लांबून रूप टायगरचं आणि वागणं दुसऱ्याचंच. एकदा हे पाहिलं की ठिपके मोजायच्या आधीच मनात खूण पटते. अळ्या वाढल्या: काळपट अंग, फांद्या फुटल्यासारखे काटे, तांबूस डोकं. मी जाळी लावली नाही, बरणीत काही कोंडलं नाही. कायद्यानंही ते योग्य नव्हतं. मुंग्यांनी, पक्ष्यांनी न्यायच्या त्या नेल्या. दोन अळ्यांनी मात्र त्याच कुंडीच्या काठाखाली उलटं लटकून कोश केले.

एका सकाळी पहिला कोश फुटला आणि त्यातून नारिंगी मादी बाहेर आली. पंख ओले, चुरगळलेले. ती कुंडीच्या काठाला धरून बसली आणि पंख हळूहळू ताठ होत गेले. दुसऱ्या कोशातून नर आला. काळा, पांढरे डाग, आणि ऊन तिरकं पडलं की डागांभोवती जांभळी झळक. एकाच कुंडीतल्या घोळीवर वाढलेल्या अळ्यांची ही दोन रूपं. या दोघांचं नातं जगातल्या कुठल्याही कीटकपेटीत एवढ्या खात्रीनं सिद्ध झालं नसतं. त्याच गल्लीत, पडीक प्लॉटवर रुईची झाडं होती आणि तिथे प्लेन टायगर उडत होते. मूळ आणि नक्कल, रुई आणि घोळ, सगळं एका नजरेच्या टप्प्यात. ओळख पटणं म्हणजे काय, हे मला तिथे नव्यानं कळलं.

मग मी शास्त्राच्या इतिहासाकडे पुन्हा वळलो. आपल्याकडे पीकॉक पॅन्सी नावाचं, पंखांवर मोरपिसावरच्या डोळ्यांसारख्या नक्षीचं फुलपाखरू सगळीकडे दिसतं. पावसाळ्यातल्या पिढीचे पंख गोलसर असतात आणि खालच्या बाजूलाही डोळे असतात. कोरड्या दिवसांतल्या पिढीच्या पंखांना कोपरे येतात आणि खालची बाजू हुबेहूब वाळक्या पानासारखी होते. लिनियसनं १७५८ मध्ये प्राण्यांच्या नामकरणाचा पाया घातला, त्याच ग्रंथात या एका फुलपाखराला दोन वेगळी नावं आहेत: अल्माना आणि अ‍ॅस्टेरी. त्यानं मराठवाड्यातला पावसाळा आणि उन्हाळा पाहिला नव्हता; त्याच्यापुढे फक्त परदेशातून आलेले वाळके नमुने होते. नमुने जे दाखवत होते तेच त्यानं लिहिलं. अशा जोड्या एकाच जातीच्या आहेत हे भारतात दाखवून दिलं ते कलकत्त्याच्या लायनेल द निसेव्हिल यांनी, १८८० च्या दशकात, अंड्यांपासून फुलपाखरं वाढवून. टाचणीवर सव्वाशे वर्षं न सुटलेला गुंता अळीनं एका ऋतुचक्रात सोडवला.

आपल्या मुंबई इलाख्यातही हीच परंपरा होती. साताऱ्यात जन्मलेले एडवर्ड हॅमिल्टन एटकेन हे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या १८८३ च्या संस्थापकांपैकी. त्यांनी जेम्स डेव्हिडसन यांच्याबरोबर १८९० मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात इलाख्यातल्या फुलपाखरांच्या अळ्या आणि कोश यांवर लिहिलं. पुढे कारवारचे वनाधिकारी टी. आर. बेल त्यांना येऊन मिळाले. कोणती अळी कोणत्या झाडावर, हे या लोकांनी झाडं धुंडाळून नोंदवलं. ते स्वतः नमुने गोळा करणारेच होते. पण त्यांच्या कामातला जो भाग आज सर्वांत उपयोगी पडतो, तो जिवंत अळीजवळ बसून लिहिलेला आहे.

आमच्या शहरात ज्यांच्या नावाचं सरोवर आहे, त्या पक्षितज्ज्ञ सालिम अलींची गोष्टही मी नव्या नजरेनं वाचली. १९०८ मध्ये लहानग्या सालिमनं मारलेली पिवळ्या गळ्याची चिमणी ओळखता येईना, म्हणून तो मुंबईत सोसायटीच्या कचेरीत गेला आणि तिथल्या मिलार्ड साहेबांनी पेंढा भरलेले पक्षी दाखवून ती ओळखून दिली. ही गोष्ट मी नमुन्याच्या बाजूनं पुरावा म्हणून सांगत असे. १९३१-३२ मध्ये त्यांनी निजामाच्या राज्यातल्या पक्ष्यांची पाहणी केली. तेव्हा आमचं औरंगाबाद त्याच राज्यात होतं आणि ती पाहणीही नमुन्यांवर उभी होती. पण त्याच्या आदल्याच वर्षी, १९३० मध्ये, किहीमला त्यांनी सुगरणींच्या वसाहतीसमोर तासन् तास बसून एक नर अनेक माद्यांशी संसार कसा थाटतो, हे उलगडलं. मेलेल्या सुगरणींच्या कितीही कातड्या जमवल्या असत्या तरी हे हाती लागलं नसतं. दोन्ही वाटा त्यांच्या होत्या. मी त्यातली एकच विद्यार्थ्यांना दाखवत होतो.

आता जिथे माझं मत बदललेलं नाही, ते सांगतो. चपळ कुळातली तपकिरी स्विफ्ट फुलपाखरं आणि नील कुळातल्या काही जाती नुसत्या डोळ्यांनी किंवा फोटोवरून खात्रीनं सांगता येत नाहीत. तिथे जननेंद्रियांची रचना सूक्ष्मदर्शकाखाली पाहावीच लागते. संग्रहालयांतले नमुने म्हणजे कुठली जात कधी, कुठे होती याचा दस्तऐवज आहे. लिनियसचे नमुने आजही लंडनमध्ये जपलेले आहेत आणि त्यांच्याशिवाय नावांचे वाद मिटत नाहीत. कॉमन मॉरमॉन फुलपाखराच्या मादीची वेगवेगळी रूपं कशी ठरतात, हे डबलसेक्स नावाच्या जनुकापर्यंत नेऊन दाखवणारं संशोधन २०१४ मध्ये ‘नेचर’मध्ये आलं; कृष्णमेघ कुंटे त्याचे पहिले लेखक. असं काम प्रयोगशाळेशिवाय होत नाही. संशोधकानं, परवाना घेऊन, प्रश्न ठरवून, गरजेपुरते नमुने घ्यावेत, याला माझा आजही पूर्ण पाठिंबा आहे.

माझा विरोध आहे तो दरवर्षी शेकडो मुलांनी पेटी भरण्याला. त्या पेट्यांचं पुढे काय होतं, हे शिक्षकांनी खरेपणानं पाहावं. पावसाळ्यात बुरशी चढते, मुंग्या आणि नमुने खाणारे भुंगे शिरतात, डांबरगोळ्या उडून जातात. निम्म्या टाचण्यांखाली चिठ्ठी नसते, कारण कितीतरी नमुने आधीच्या वर्षाच्या मुलांकडून आलेले असतात. ज्या शिस्तीसाठी मी नमुन्यांची बाजू घेत होतो, ती शिस्तच तिथे नसते. मरण मात्र खरं असतं.

उलट आपल्या शहरात जिवंत अभ्यासाची साधनं दारात आहेत. कढीपत्त्याच्या झाडावर कॉमन मॉरमॉनच्या अळ्या वाढतात. मादी कधी नरासारखीच दिसते, कधी कॉमन रोज नावाच्या दुसऱ्या फुलपाखरासारखी, कधी क्रिम्सन रोजसारखी. भाजीला लागणाऱ्या त्या एका झाडावर हे नाट्य चालू असतं. लिंबाच्या आणि मोसंबीच्या पानांवर लाइम फुलपाखराची अळी असते; लहानपणी ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवीगार होते. पैठण-जालन्याकडच्या मोसंबी बागायतदाराला ती अळी कीड म्हणून चांगली ठाऊक असते, पण बागेत उडणारं काळं-पिवळं फुलपाखरू तिचंच, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. आपल्या विद्यार्थ्यानं एवढं जरी सांगितलं, तरी शास्त्र शेताच्या बांधापर्यंत पोहोचलं असं मी म्हणेन.

म्हणून आता माझ्याकडे कुणी अनोळखी फुलपाखराचा फोटो घेऊन आला, तर मी पंख पाहायच्या आधी विचारतो: कुठे होतं, कोणत्या झाडावर, पाऊस झाला होता का, उडत कसं होतं? वरची आणि खालची, दोन्ही बाजू टिपल्या का? ही उत्तरं मिळाली की बहुतेक वेळा नाव आपोआप जवळ येतं. नाही आलं, तर कुळापर्यंत थांबायचं आणि वहीत तसं स्वच्छ लिहायचं. अर्धवट पुराव्यावर पूर्ण नाव देण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं.

जे सहकारी अजून माझ्या जुन्या मताचे आहेत, त्यांच्याशी मला भांडायचं नाही. त्यांची निरखण्यावरची श्रद्धा माझीही आहे. त्यांच्याकडे माझ्या दोन मागण्या आहेत. चिठ्ठ्या शाबूत असलेल्या जुन्या पेट्या अडगळीत टाकू नका, त्या नीट राखणाऱ्या संग्रहालयाकडे द्या. ते जीव आधीच गेलेले आहेत, त्यांच्याकडची माहिती तरी वाचवू या. आणि येत्या पावसाळ्यात विद्यार्थ्यांच्या हाती जाळी देण्याऐवजी प्रत्येकाला एक झाड द्या: रुई, घोळ, लिंबू, कढीपत्ता, जे त्याच्या दारात असेल ते. अंड्यापासून पंखांपर्यंत त्यानं ते पाहावं, गाव, तारीख आणि आपलं नाव घालून लिहावं. मराठवाड्यातल्या फुलपाखरांच्या खाद्यवनस्पतींची अशी गावोगावची नोंद तयार झाली, तर पुढच्या पिढीच्या शिक्षकाला अनोळखी फुलपाखरू ओळखायला एकही नवं मारावं लागणार नाही.